सापाची अंडी उबवताना नेमकं कुठे बिघडतं?

ठाण्यात घोडबंदर रोडला पायाचं खोदकाम चालू असताना किंवा येऊरच्या पायथ्याशी जुनी भिंत पाडताना धामणीची नाहीतर नागाची अंडी उघडी पडतात. आधी वन विभागाला १९२६ वर कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी सापांची अंडी परस्पर घरी ठेवता येत नाहीत. पुढचं सगळं विभागाच्या संमतीने उबवणाऱ्या सर्पमित्रांसाठी.

उचलताना. जागेवरून हलवण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण करा. कोंबडीची अंडी फिरवावी लागतात, सापाची फिरवायची नसतात. आत वरच्या बाजूला चिकटलेला गर्भ अंडं उलटलं की दगावू शकतो. एकमेकांना चिकटलेली अंडी सोडवू नका, धुऊ तर मुळीच नका.

डबा. व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी समान वजनाने कालवा. त्याऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर मुठीत घट्ट दाबल्यावर थेंब गळता कामा नये. अंडी त्यात निम्मी रुतवा. तापमान २८ ते ३० अंश ठेवा आणि थर्मोस्टॅटचा (हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, अंड्यांच्या शेजारी लावा, डब्याच्या भिंतीला नको.

आता बिघाड. बहुतेक अंडी रोगाने नाही, पाण्याने जातात. पहिल्याच आठवड्यांत अंड्याला पोचा पडला तर ओल कमी आहे. डब्याच्या कडेने कोमट पाणी सोडा, अंड्यावर नको. शेवटच्या दिवसांत पडणारा पोचा स्वाभाविक असतो, तेव्हा पाणी ओतत बसू नका. ठाण्याच्या जुलैत प्रकार उलटा होतो: हवाच दमट, त्यात उन्हाळ्याच्या सवयीने पाणी घातलं जातं, झाकणावरचे थेंब अंड्यांवर पडतात आणि बुरशी धरते. झाकण तिरपं बसवा आणि आठवड्यातून एकदा उघडून हवा बदला.

बुरशी दिसली म्हणून अंडं फेकू नका. अंधारात टॉर्च टेकवा. लालसर शिरा दिसल्या तर कोरड्या कापसाने पुसून राहू द्या. पिवळं पडून ओघळलेलं, वास मारणारं अंडं सहज सुटलं तर काढा. शेजारच्याला घट्ट चिकटलं असेल तर तसंच असू द्या.

पिल्लं पूर्ण वाढून आतच मेली किंवा कणा वाकडा निघाला तर पहिला संशय जास्त उष्णतेवर घ्यावा. वीज गेली की सगळे घाबरतात, पण काही तासांचा गारवा अंडी सोसतात. ३३ अंशांच्या वरची धग नाही. पावसाळ्यात आपल्या खोलीत अनेकदा हीटरची गरजच पडत नाही, माझ्या मते तो बंदच बरा. मेमध्ये मात्र घरातली सर्वांत थंड जागा शोधा.

फुटताना. साधारण दोन महिन्यांनी अंड्याला चीर दिसते. त्यानंतरही पिल्लू एक-दोन दिवस आतच राहून उरलेला बलक शोषतं. ओढून काढलं तर बलक फाटतो. बाकीची बाहेर येऊन दोन दिवस झाले आणि एखाद्याला चीरच नसेल, तर अनुभवी हातानेच वरच्या बाजूला बारीक काप द्यावा. नागाचं पिल्लू जन्मतःच विषारी असतं, त्यामुळे या वेळी साप उचलायचा हुक हाताशी हवा आणि डब्याचं झाकण घट्ट.