लांब ड्राइव्हवेचा बर्फ: यंत्र घेण्याआधीची तयारी

हे सगळं ऑक्टोबर संपायच्या आत उरकायचं. न्यूयॉर्क राज्यात बफेलो ते सिरॅक्यूज पट्ट्यात राहायला आलेल्यांनी तर नक्कीच, कारण सरोवरावरून येणारा बर्फ डिसेंबरची वाट बघत नाही. २०१४ आणि २०२२ या दोन्ही वर्षी बफेलोच्या दक्षिणेकडच्या गावांवर तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच कोसळला. २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला सहा फुटांहून जास्त पडला. अशा आठवड्यात दुकानात बर्फ उपसून फेकणारं यंत्र, म्हणजे स्नो ब्लोअर, एक वेळ मिळेल, त्याच्या शिअर पिना मिळणार नाहीत. या पिनांबद्दल पुढे बोलणार आहेच, कंटाळा येईपर्यंत.

आधी टेप घेऊन बाहेर पडा आणि ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची वाट, मोजा. ‘बराच लांब आहे’ हे माप नव्हे. तीनशे फूट लांब आणि बारा फूट रुंद ड्राइव्हवेवर फूटभर ताजा, भुसभुशीत बर्फ पडला, तर ढोबळमानाने तो दहा टन भरतो. ओला असेल तर दुप्पटही. तेव्हा ‘फावड्याने काढू, तेवढाच व्यायाम’ हा विचार इथेच सोडा. बर्फ उपसताना हार्ट अटॅक येणं इकडे दर हिवाळ्यात घडतं, आणि आपल्या लोकांना हृदयविकार तसाही लवकर गाठतो. फावडं पायऱ्यांपुरतं. मापाबरोबर तीन गोष्टी लिहून काढा: खाली डांबर आहे की खडी, चढ किती, आणि काढलेला बर्फ टाकायचा कुठे. वारा इथे बहुधा पश्चिमेचा. त्याच्या तोंडावर फेकाल तर सगळा बर्फ तुमच्याच चष्म्यावर येईल.

आता यंत्र. सिंगल स्टेज स्नो ब्लोअर हलका असतो, स्वस्त असतो, दुकानदार प्रेमाने दाखवतो. त्याची रबरी पाती जमिनीला घासत चालतात, म्हणजे खडीवर तो बर्फाबरोबर खडीही उडवणार. शेजाऱ्याची काच फुटली की कळेल. दोन गाड्या मावतील एवढ्या अंगणाला तो ठीक. लांब ड्राइव्हवेला टू स्टेज घ्या: पुढचा लोखंडी ऑगर, म्हणजे फिरणारं मळसूत्री पातं, बर्फ ओढून घेतो, मागचा पंखा तो लांब फेकतो आणि चाकं स्वतःच्या जोरावर चालतात. खडी असेल तर दोन्ही बाजूंच्या स्किड शूज (यंत्राच्या तोंडाला टेकू देणाऱ्या पट्ट्या) खाली सरकवून यंत्राचं तोंड जमिनीपासून इंचभर वर ठेवता येतं. रुंदी २८ इंच, इंजिन २५० सीसीच्या आसपास किंवा वर. २४ इंचीने भागेल असं वाटतं, पण हिशेब करा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवावी लागते, म्हणून बारा फूट रुंदीला २८ इंचीच्या सहा फेऱ्या, २४ इंचीच्या सात. प्रत्येक फेरी तीनशे फुटांची, उणे दहा तापमानात. चढ असेल तर चाकांना साखळ्या. गरम होणाऱ्या मुठी हा चोचला वाटतो, पहिल्या वादळापर्यंत.

बॅटरीवरचे ब्लोअर आवाज कमी करतात, पण थंडीत बॅटरी लवकर बसते. तीनशे फुटांना मी तरी घेणार नाही. पिकअप ट्रकला प्लो (पुढे लावायचं रुंद पातं) लावायचा असेल तर काम झपाट्याने होतं, फक्त एक लक्षात ठेवा: प्लो बर्फ फेकत नाही, ढकलतो. पहिल्याच वादळात कडेचे ढीग लांब सरकवले नाहीत, तर ते तिथेच गोठतात आणि फेब्रुवारीपर्यंत बारा फुटांचा रस्ता आठ फुटांचा होतो. कंत्राटी प्लोवाला ठरवणार असाल तर सप्टेंबरातच गाठा, आणि किती इंच पडल्यावर येणार ते लिहून घ्या.

शिअर पिना. ऑगर त्याच्या दांड्याला या पिनांनी जोडलेला असतो. आत दगड, बर्फाचा घट्ट गोळा किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं वर्तमानपत्र अडकलं की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या फ्यूजचंच काम. म्हणजे ती तुटणारच, तुटण्यासाठीच आहे. तुटली की ऑगरची ती बाजू फिरायची थांबते आणि हजार-दीड हजार डॉलरचं यंत्र अर्ध्या तोंडाने बर्फ खायला लागतं. मागच्या खेपेला माझ्या यादीतून राहिली ती हीच पिन, आणि ती हाताशी असती तर उरलेला दिवस फावड्यावर गेला नसता. यंत्राबरोबर आलेल्या एक-दोन सुट्यांवर राहू नका. मॉडेल नंबर बघून त्याच कंपनीच्या पिनांचं अख्खं पाकीट घ्या. ‘जवळपास तसाच’ बोल्ट चालत नाही: पोलादी कडक बोल्ट तुटणार नाही, मग गिअरबॉक्स तुटेल. दोन पिना आणि त्यांना बसणारा पाना एका पिशवीत घालून हँडललाच बांधा. गॅरेजच्या खणात ठेवलेली पिन ड्राइव्हवेच्या दुसऱ्या टोकाला, अंधारात, काही कामाची नाही.

जमीन गोठण्याआधी दोन्ही कडांना चमकणाऱ्या पट्टीच्या काठ्या ठोका. नंतर हातोडा तुटेल, काठी आत जाणार नाही. वळणावर दाट, ड्राइव्हवेखालच्या मोरीच्या पाइपाच्या दोन्ही तोंडांशी एकेक. काठ्या नसल्या की यंत्र कडेच्या दगडांत शिरतं, आणि दगड म्हणजे काय? पिन. घेतल्यात का? दुकानाच्या यादीत लिहून तरी ठेवा.

सगळ्यात वाईट जागा ड्राइव्हवेचं रस्त्याकडचं टोक. टाउनचा प्लो जाताना तिथे मिठाने भिजलेला, ढेकळांचा बांध घालून जातो. तो हळूहळू, अर्ध्या तोंडाने कापत घ्या. पिना तुटतात त्या इथेच, आणि तुमची पिशवी हँडलला आहे, बरोबर? रस्त्याकडे तोंड करून उभे राहा: प्लो डावीकडून येतो. म्हणून बर्फ उजवीकडे टाका आणि डावीकडे रस्त्याच्या कडेला थोडी जागा मोकळी करून ठेवा, म्हणजे त्याच्या पात्यावरचा बर्फ आधी तिथे उतरेल. रस्त्यावर ढकलायचा मात्र नाही, न्यूयॉर्कमध्ये ते बेकायदेशीर आहे.

फेकणारं नळकांडं तुंबलं तर हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी नाही: आत ताण उरलेला असतो, अडथळा निघाला की पातं गर्रकन फिरतं आणि बोटं जातात. इंजिन बंद करून काठीने काढा. यंत्र बंद गॅरेजात सुरू करू नका, दार अर्धं उघडं ठेवूनही नाही.

बाकीचं भराभर. पेट्रोल ताजं, त्यात ते टिकवणारा स्टॅबिलायझर. इंजिनाचं तेल ५डब्ल्यू-३०, पुस्तिका बघा. इलेक्ट्रिक स्टार्टसाठी बाहेर चालणारी एक्स्टेन्शन कॉर्ड. साधं मीठ उणे नऊ सेल्सियसखाली जेमतेमच काम करतं, त्यापुढे कॅल्शियम क्लोराइड. खडीवर नुसती वाळू. घर तापवणाऱ्या भट्टीचा बाहेर निघणारा पाइप आणि टपालपेटी मोकळी ठेवा. एप्रिलात टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, आणि उरलेलं मीठ यंत्राशेजारी ठेवू नका, गंज चढतो.