गावातल्या वाचनालयाचे तीन महिन्यांचे कार्यक्रम कसे आखावेत

वाचनालयाचा कार्यक्रम म्हटला की पाहुणे, शाल-श्रीफळ आणि लांबलेले प्रास्ताविक हे ठरलेलेच. फलकावर मात्र ‘सर्वांसाठी खुला’ असे लिहिलेले असते. ज्यांच्या सोयीची ती वेळ असते ते येतात, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. सगळ्या वयांसाठी काही करायचे असेल तर एक मोठा सोहळा सोडून द्या आणि वेगवेगळ्या वेळांचे चार-पाच छोटे कार्यक्रम धरा. नोव्हेंबर ते जानेवारी ही तिमाही सुरुवातीला सोयीची आहे. हवा बरी असते, दिवाळी अंक नुकतेच आलेले असतात आणि दिनविशेषही पुष्कळ असतात.

आधी देवघेवीची वही बघा

कार्यकारिणीच्या बैठकीआधी ग्रंथपालांबरोबर अर्धा तास बसा. गेल्या दोन-तीन महिन्यांत कोण आले, किती वाजता आले, काय घेऊन गेले, हे वहीतून काढा. साधारणपणे चित्र असे दिसते: सकाळी वर्तमानपत्रांसाठी ज्येष्ठ मंडळी, दुपारी कादंबऱ्या बदलायला बायका, शाळा सुटल्यावर मुले, आणि दिवसभर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेवाली पोरे. ही पोरे रोज येतात, पण त्यांच्या नावावर एकही पुस्तक गेलेले नसते. माणसे ज्या वेळी आपणहून येतात, त्याच वेळेला लागून कार्यक्रम ठेवा. कुणालाही दुसरी फेरी मारायला लावू नका.

कॅलेंडरवर खुणा करा

१४ नोव्हेंबरला बालदिन, त्याच दिवसापासून २० तारखेपर्यंत राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा पंधरवडा, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. डिसेंबरमध्ये मुले स्नेहसंमेलनाच्या तालमीत असतात, तेव्हा त्यांच्यासाठी फार काही ठेवू नका. खुणा केल्यावर शाळेला, ग्रामपंचायतीला आणि गावच्या जत्रेला तारखा ताडून पाहा. आठवडी बाजाराचा दिवस तर टाळाच.

लहान मुले: पाऊण तास, सतरंजीवर

चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी शनिवारी गोष्टींचा तास ठेवा आणि तो पंचेचाळीस मिनिटांत संपवा. खुर्च्या काढून सतरंजी अंथरा. सांगणाऱ्यानेही खालीच बसायचे आणि पुस्तक चित्रे मुलांकडे करून छातीशी धरायचे. एक गोष्ट वाचून दाखवायची, दुसरी अर्ध्यावर थांबवून ‘आता काय होईल?’ विचारायचे, मग पंधरा मिनिटे चित्र काढायला द्यायची. माईक लागत नाही. ‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न तेवढा विचारू नका, त्याने गोष्टीची शाळा होते.

बालविभागातली वीस-पंचवीस पुस्तके आधीच काढून सतरंजीच्या कडेने उघडी मांडा. कपाटात बंद असलेले पुस्तक मूल मागत नाही. निघताना प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक द्या. सभासद नसलेल्या मुलाचे पुस्तक त्या दिवशी सोबत आलेल्या पालकाच्या नावावर टाका. फाटेल, हरवेल, ही धास्ती कार्यवाहांना असतेच. पण पुस्तके झिजण्यासाठीच असतात.

अभ्यासिकेतली पोरे आणि निवृत्त मंडळी

यांची सांगड घालायला नोव्हेंबरसारखा महिना नाही. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला याच महिन्यात द्यायचा असतो आणि तो मोबाइलवर चेहरा ओळखून काढता येतो. अभ्यासिकेतल्या चार-पाच जणांना आदल्या दिवशी ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही ॲप वापरायला शिकवा. सकाळी वर्तमानपत्र वाचून झाले की त्याच टेबलावर काम सुरू. येणाऱ्याने आधार क्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतन आदेशाचा) क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि चालू मोबाइल आणायचा. ज्यांचे निवृत्तिवेतन देणारे कार्यालय ॲपच्या यादीत नसेल, त्यांना बँकेत किंवा कोषागारातच जावे लागते. तसे त्यांना आधीच सांगा, म्हणजे हेलपाटा वाचेल. ओटीपी ज्याचा त्यानेच टाकायचा, पोरांनी विचारायचाही नाही, आणि कुणाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवायचा नाही.

काम झाल्यावर याच ज्येष्ठांपैकी कुणी महसूल खात्यात, कुणी पोलिसांत नोकरी केलेले निघतात. त्यांना रविवारी तासभर पोरांच्या सराव मुलाखती घ्यायला बसवा. भाषणासाठी बोलावू नका, प्रश्न विचारण्यासाठी बोलावा.

बायकांसाठी दुपार

दुपारी साडेतीनची वेळ धरा. नोव्हेंबरच्या अखेरीस दिवाळी अंकांवर गप्पा ठेवा. प्रत्येकीने आवडलेल्या एका कथेबद्दल पाच मिनिटे बोलायचे, कंटाळवाण्या अंकाला नावे ठेवायचीही मुभा. जानेवारीत हळदीकुंकू वाचनालयातच करा आणि वाण म्हणून पुस्तक द्या. विधवा, अविवाहित, सगळ्यांना बोलवा, आणि निमंत्रणात तसे स्पष्ट लिहा.

मराठी भाषा पंधरवड्यात एक संध्याकाळ अभिवाचनाची ठेवता येईल. प्रकाशित पुस्तकातला वाजवी लांबीचा उतारा जाहीर वाचायला कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही. त्याचे रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायचे किंवा चित्रपट दाखवायचा, तर हक्कधारकाची परवानगी घ्या.

फलक आणि निरोप

‘भव्य बालवाचन महोत्सव’ असे लिहू नका. असे लिहा:

‘गोष्टींचा तास. वय ४ ते ८. शनिवार, सायं. ५ ते ५.४५. शुल्क नाही, सभासद असण्याची गरज नाही. पालकांनी बाहेर वर्तमानपत्र वाचत बसावे.’

हा मजकूर आठवडाभर आधी फलकावर, शाळेत आणि किराणा दुकानाच्या दारावर लागला पाहिजे. व्हॉट्सॲपवर आदल्या दिवशी एकदाच पाठवा. रोज पाठवलेला निरोप कुणी उघडत नाही.

त्या दिवशी आणि नंतर

वेळेवर सुरू करा, चारच जण आले असले तरी. प्रास्ताविक दोन वाक्यांत आटपा, सत्कार ठेवूच नका. खर्च सतरंजी, कागद-खडू आणि चहापुरता धरला तर वर्गणीतून भागतो, देणगीदाराचा फलक टांगावा लागत नाही. ज्येष्ठांसाठी पाठ टेकायची खुर्ची आणि पिण्याचे पाणी हवेच.

संपल्यावर त्याच वहीत तीन गोष्टी लिहा: किती जण आले, त्यांतले नवे किती, आणि त्या दिवशी किती पुस्तके घरी गेली. एखादा फोटोही लावा, वार्षिक अहवाल लिहिताना शोधाशोध होत नाही. तिसरा आकडा सलग दोनदा शून्य आला, तर तो कार्यक्रम पुढच्या तिमाहीत घेऊ नका, टाळ्या कितीही पडलेल्या असोत.