रूट कॅनलच्या वेळी या चुका टाळा: दुखणं थांबलं म्हणून थांबू नका

किडलेली दाढ काही दिवस झोप उडवते आणि मग अचानक गप्प होते. दाढ बरी झाली असं समजून लोक डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द करतात, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक तीच.

दाताच्या मधोमध एक पोकळी असते. तिच्यात नसा आणि रक्तवाहिन्या असलेला मऊ भाग असतो, त्याला पल्प म्हणतात. कीड पोखरत तिथवर पोचली की पल्पला सूज येते. भोवती दाताच्या कडक भिंती असल्यामुळे सुजेला पसरायला जागा मिळत नाही, आतला दाब वाढतो आणि ठणका लागतो. मग नस मरते. मेलेली नस दुखत नाही, पण जंतू मुळाच्या टोकातून बाहेर पडून जबड्याच्या हाडाला पोखरायला लागतात. पुढे कधीतरी हिरडीवर बारीक पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. तिच्यातून पू वाहून जात असतो, म्हणूनच दुखत नाही. अशी पुटकुळी दिसली तर न दुखतासुद्धा डॉक्टरांकडे जायला हवं.

दुखण्याची तऱ्हा मात्र बरंच काही सांगते. गार लागल्यावर कळ येऊन लगेच जात असेल, तर नस वाचण्याची आशा असते आणि बऱ्याचदा साध्या फिलिंगवर भागतं. गार किंवा गरम लागल्यानंतर कळ बराच वेळ रेंगाळत असेल, काही कारण नसताना दाढ रात्री ठणकत असेल, तर नस सहसा वाचत नाही आणि दात वाचवायला रूट कॅनल, म्हणजे नस काढून दात आतून साफ करून भरणं, लागतं. हा फरक नीट लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा, निदानाला त्याची खरंच मदत होते.

गोळ्यांवर दिवस ढकलणं

मागच्या वेळी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन दाढेचा ठणका 'बसवण्याचा' प्रयत्न अनेक जण करतात. पण औषध रक्तातून पोचतं, आणि मेलेल्या पल्पमध्ये रक्तपुरवठाच उरलेला नसतो. जंतूंचं घर दाताच्या आत तसंच राहतं. चेहऱ्यावर सूज किंवा ताप असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात, तरी दात आतून साफ करावाच लागतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून धरणं तर मुळीच करू नका, हिरडी आणि गाल आतून भाजतात.

सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर दवाखाना उघडायची वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. यात जिवाला धोका असतो.

सिटिंग अर्धवट सोडणं

रूट कॅनलमध्ये डॉक्टर भूल देऊन दात वरून उघडतात, बारीक फाइल्सनी मुळांमधल्या नळ्या साफ करतात, जंतुनाशक द्रावणाने धुतात आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करतात. वरच्या पहिल्या दाढेला साधारण 3 मुळं असतात, पण नळ्या बऱ्याचदा 4 निघतात. एखादी राहून गेली तर तिथे जंतू पुन्हा वाढतात, म्हणून या कामाला वेळ लागतो. काही दात एकाच बैठकीत होतात. संसर्ग जास्त असेल तर मध्ये औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट लावतात. नेमका याच टप्प्यावर ठणका थांबलेला असतो आणि पेशंट परत येत नाही. ते सिमेंट थोड्याच काळासाठी असतं. ते झिजलं किंवा निघालं की लाळेबरोबर जंतू परत आत शिरतात आणि केलेलं काम वाया जातं. निघालंच, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता फोन करा.

कॅप टाळणं

ही चूक बघून मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. नळ्या उत्तम साफ झालेल्या असतात, दुखत काहीच नसतं, आणि खर्च नको म्हणून कॅप, म्हणजे दातावर बसवायचं टोपण, लांबणीवर पडते. किडीमुळे आणि उपचारासाठी कोरल्यामुळे दात आधीच पोकळ झालेला असतो, चावण्याचा सगळा भार मात्र दाढांवर येतो. एक दिवस दाढ उभी चिरते. चीर मुळात उतरली तर ती काढण्यावाचून सहसा इलाज राहत नाही. पुढच्या दातांना कधी कधी नुसतं फिलिंग पुरतं, दाढांना बहुतेक वेळा कॅप लागतेच. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने कडक काही चावू नका.

नंतरच्या दुखण्याला घाबरणं

नस काढली तरी मुळाभोवतालच्या ऊती जिवंत असतात. त्या दुखावल्यामुळे काही दिवस चावताना दाढ हुळहुळते. दुखणं दिवसागणिक कमी होत असेल तर काळजी नको. फिलिंग उंच लागत असेल, म्हणजे तोंड मिटताना तोच दात आधी टेकत असेल, तर पुन्हा जाऊन घासून घ्या; पाच मिनिटांचं काम असतं. दुखणं वाढत गेलं किंवा सूज आली तर मात्र लगेच दाखवा. भूल उतरेपर्यंत काही चावू नका, गाल किंवा जीभ चावली गेली तरी कळत नाही. मधुमेह, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी, औषधाची अ‍ॅलर्जी हे सगळं उपचाराआधीच सांगा.

मुळाच्या टोकाशी झिजलेलं हाड भरून यायला काही महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं आणि ते एक्स-रेतच दिसतं. म्हणून डॉक्टरांनी दिलेली तपासणीची तारीख चुकवू नका. नस काढलेल्या दातालाही कीड लागते, फक्त तो कळ देऊन सांगत नाही. त्यामुळे कॅपच्या कडेला, हिरडीलगत ब्रश आणि फ्लॉस नीट फिरवा. संसर्ग पुन्हा झालाच, तरी लगेच दात काढायला तयार होऊ नका. बऱ्याच दातांचं रूट कॅनल दुसऱ्यांदा करता येतं, किंवा छोट्या शस्त्रक्रियेने मुळाचं टोक कापून आतली बाजू बंद करता येते. तुमच्या दाताला यातलं काय चालेल, हे रूट कॅनलच्या तज्ज्ञाला विचारून मगच ठरवा.