युवा निधी समितीत येताय? मग हे आधी ऐका

दरवर्षी जून-जुलैमध्ये कॉलेजची पोरं-पोरी विचारायला येतात, "ताई, त्या पैसे द्यायच्या समितीत नाव घालायचंय, काय करावं लागेल?" चेंबूर-गोवंडी पट्ट्यात काम करणाऱ्या एका छोट्या ट्रस्टमध्ये मी समन्वयक आहे. ट्रस्ट दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढतो आणि ती वस्तीतल्या कोणत्या गटांना द्यायची, हे १६ ते २३ वयाची मुलं-मुली ठरवतात. एका गटाला जास्तीत जास्त २५,००० रुपये. मोठ्या देणगीदारांच्या हिशेबात ही चिल्लर आहे. वस्तीतल्या अभ्यासिकेच्या हिशेबात नाही.

येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत सांगते की इथं पैसे देण्याचं काम थोडं आणि नाही म्हणण्याचं जास्त आहे. अर्ज ढिगाने येतात, पैसे मोजक्यांना पुरतात. आणि ज्यांना नाही म्हणायचं, ते तुमच्याच गल्लीत राहतात.

मुंबईत दान नवं नाही. माहीमचा कॉजवे लेडी अवाबाई जीजीभॉय यांच्या पैशातून झाला, जे. जे. हॉस्पिटलच्या तर नावातच देणगीदार आहे. ते शेटलोकांचं दान. तुमचं-आमचं दान म्हणजे वर्गणी. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. त्यानंतर मुंबईतल्या गल्लीगल्लीत हे सुरू झालं: पावती पुस्तक, खजिनदार, नोटीस बोर्डावर लावलेला जमाखर्च. चौदा-पंधरा वर्षांची पोरं दारोदार फिरून हजारो रुपये गोळा करतात आणि पावतीच्या काउंटरफॉइलशी ते रुपयारुपयाने जुळवून देतात. म्हणून समितीत निवड करताना 'लीडरशिप कॅम्प'च्या सर्टिफिकेटपेक्षा मंडळाचं पावती पुस्तक सांभाळलेला मुलगा मला जास्त भावतो. फक्त मंडळातली वाटणी ठरलेली असते: वर्गणी गोळा करायला पोरं, खर्च ठरवायला काका. आमची समिती ही वाटणी मोडते, एवढंच तिचं वेगळेपण.

ही कल्पना आमची नाही. अमेरिकेत १९१४ साली क्लीव्हलँड शहरात पहिलं 'कम्युनिटी फाउंडेशन' निघालं. एका धनिकाचं नव्हे, तर गावातल्या अनेकांचे पैसे एकत्र ठेवून गावासाठी वापरायचे, अशी ती पद्धत. पुढे १९९०च्या दशकात मिशिगन राज्यात केलॉग फाउंडेशनने अशा स्थानिक निधींना मदत देताना अट घातली की काही रक्कम तरुणांसाठी कायमची बाजूला ठेवा आणि ती कुठे द्यायची हे तरुणांची समिती सुचवेल. आपल्याकडे १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट सुरू झाला, तो शहराच्या सामायिक निधीचाच प्रयोग. इतिहास इतका माहीत असला की पुरे. मुलाखतीत कुणी विचारलं तर बोलता येतं.

आता कामाचं. तुम्ही १८ वर्षांच्या आत असाल तर घरच्यांचं संमतिपत्र लागतं आणि कुठल्याही करारावर तुमची सही चालत नाही. समिती निर्णय करते, ठराव विश्वस्त करतात, चेक ट्रस्टचा असतो. हे कागदावर नीट लिहून घ्यावं, कारण 'मुलं ठरवतात' असं स्टेजवर म्हणणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. परदेशातून आलेला पैसा या कामाला चालत नाही. परकीय देणगी कायद्यात २०२० साली झालेल्या बदलानंतर तो दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही. त्यामुळे समितीचा निधी देशातल्या देणग्यांमधूनच उभा करावा लागतो. "मग आपणच वस्तीत डबा फिरवू" असं दरवर्षी कुणीतरी सुचवतं. नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून असे पैसे गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणपती मंडळं दरवर्षी त्यासाठी अर्ज करतात, त्यातल्या कुणाला विचारा.

अर्ज करणारे निम्म्याहून जास्त गट नोंदणीकृत नसतातच. महिला मंडळ, कबड्डीचा संघ, रविवारी मुलांना शिकवणाऱ्या दोन ताया. त्यांचं खातं नसतं, पॅन नसतं. अशा वेळी आम्ही पैसे हातात देत नाही, दुकानदाराचं बिल ट्रस्टच्या नावावर घेतो आणि त्याला थेट भरतो. रोखीचा मोह टाळाच. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर आयकराच्या हिशेबात ट्रस्टला तो खर्च दाखवता येत नाही, आणि सीए वर्षअखेरीला तुमच्याच नावाने शंख करतो.

अर्ज एका पानाचा असतो, मराठीत किंवा हिंदीत. लिहिता येत नसेल तर व्हॉइस नोटही चालते. ही व्हॉइस नोटची सूट समितीतल्या मुलांनीच आणली आणि त्यानंतर घरकाम करणाऱ्या बायकांचे अर्ज यायला लागले.

सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते भेटीत. एका अभ्यासिकेचा अर्ज होता. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं हवीत, दोन कपाटं हवीत, बजेट नीट टाइप केलेलं. कागदावर त्याला सगळ्यांनी भरभरून गुण दिले. रात्री आठच्या सुमारास दोघं जण तिथं गेले. नाल्याला लागून दहा बाय बाराची खोली, आत वीसेक पोरं मांडीवर वही घेऊन बसलेली, आणि एकही जण छापील पुस्तक वाचत नव्हता. सगळे मोबाइलवर पीडीएफ वाचत होते. भिंतीवर एकच स्विचबोर्ड, त्याला एक्स्टेन्शन, त्या एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन, आणि चार्जरची वायर ज्याला मिळेल तो त्या कोपऱ्यात. पंखा एक, तोही कण्हत फिरणारा. भेटीला गेलेला एक जण आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करत होता. त्याने पुस्तकांचं काही विचारलंच नाही. बोर्डाखाली उकिडवा बसला, वायरचा जोड बोटाने न शिवता वाकून बघितला आणि म्हणाला, "यावर अजून एक पंखा चढवला तर जळेल. एमसीबी कुठाय?" एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच, नव्हताच. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला: "मीटर कोणाच्या नावावर?" मीटर खोलीच्या मालकाच्या नावावर, आणि मालक नालासोपाऱ्याला राहायला गेलेला.

पुढच्या बैठकीत अर्जाचं रूपच बदललं. अभ्यासिकेच्या पोरांशी बोलून पुस्तकं आणि कपाटं वगळली. नवं वायरिंग, एमसीबी, दोन पंखे आणि भिंतीभर प्लग असं ठरलं. मालकाचं लेखी संमतिपत्र आल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत अशी अटही घातली. आमच्या विश्वस्तांपैकी कुणालाही हे सुचलं नसतं. त्यांनी पुस्तकंच दिली असती, वर ट्रस्टचा शिक्का मारून.

भेटीला दोघांनीच जावं. सात जण मोबाइल काढून गेले की लोक खरं बोलत नाहीत, चहाच्या कपांसाठी शेजाऱ्यांकडे धावाधाव होते ती वेगळीच. पहिल्या भेटीत फोटो नाहीत. "तुमचं व्हिजन काय?" असं विचारू नका. लाइटबिल किती येतं, कोण भरतं, चावी कोणाकडे असते, हे विचारा. चावी ज्याच्याकडे, गट त्याचा, अर्जावर नाव कुणाचंही असो.

कबड्डीच्या मॅटचा अर्ज आला तेव्हा बैठकीत मुलं एका सुरात हो म्हणत होती. घाटकोपरहून येणारी एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मुली किती वाजता खेळतात?" अर्जात लिहिलं होतं, 'मुला-मुलींसाठी'. चौकशी केली तर संध्याकाळी सहाच्या पुढे मैदान मुलांचं, आणि त्याआधी मुली क्लासला नाहीतर घरकामात. तो अर्ज नाकारला नाही, मुलींची वेळ ठरवून परत या असं कळवलं. ते परत आले नाहीत. यावरून समितीत अजूनही वाद होतो. माझ्या मते मुलीने विचारलं ते बरोबरच विचारलं.

गुणांच्या तक्त्याबद्दल थोडं. इंजिनीअरिंगची मुलं एक्सेलमध्ये झक्कास तक्ता बनवतात, ५० पैकी गुण, रंगसुद्धा भरतात. मग ३८ वाला अर्ज घ्यायचा आणि ३७ वाला सोडायचा, असं यंत्रवत सुरू होतं. तक्त्यावरून फक्त चर्चा कुठून सुरू करायची ते ठरवा. दुसरं, मोठ्या कॉलेजातली मुलं भराभर बोलतात आणि मानखुर्दची मुलगी शेवटपर्यंत गप्प बसते. म्हणून आम्ही आधी प्रत्येकाला कागदावर मत लिहायला लावतो, मग वाचून दाखवतो. अर्जदार तुमच्या नात्यातला, चाळीतला किंवा मंडळातला असेल तर बैठकीच्या सुरुवातीलाच सांगायचं आणि त्या चर्चेपुरतं बाहेर जायचं. बाहेर जाणाऱ्याने सगळ्यांसाठी चहा सांगून यायचा, असा अलिखित नियम आहे. आमच्या भागात ओळखी इतक्या गुंतलेल्या आहेत की काही बैठकांना चहा तीनदा येतो.

कधी कुणा 'भाऊं'च्या कार्यालयातून फोनही येतो. "आपल्या पोरांचं बघा जरा." असा फोन समितीच्या मुलाने घ्यायचा नाही, समन्वयकाकडे वळवायचा. आमचा पगार त्याचसाठी आहे.

आणि आता तो नकार. तो फोन करून द्यायचा, व्हॉट्सअॅपवर नाही, आणि खरं कारण सांगून. 'निधीअभावी शक्य नाही' हे कारण नसेल तर ते लिहायचं नाही. आमच्या एका मुलीला तिच्याच गल्लीतल्या महिला मंडळाला कळवायचं होतं. अध्यक्ष मावशींनी तिला कडेवर खेळवलेलं. फोन स्पीकरवर ठेवून मी शेजारी बसले होते.

"मावशी, हळदी-कुंकवाच्या आरोग्य शिबिराचं यंदा नाही झालं."

"का गं? कोणी आडवं आलं का?"

"नाही मावशी. तुमच्या बजेटात निम्म्याहून जास्त मंडप, साउंड आणि फ्लेक्स होता. डॉक्टर आणि तपासणीला पाचच हजार."

"अगं, पण फ्लेक्स नसला तर कार्यक्रम झालेला कळणार कसा?"

मुलगी दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "फ्लेक्स तुम्ही लावा, रक्ततपासणीचं आम्ही बघतो. पुढच्या वेळी तसं लिहून द्या." मावशींनी "बरं, बघू" म्हणून फोन ठेवला. महिनाभर तिच्या आईशी धड बोलल्या नाहीत. हे होणार, याची घरी आधीच कल्पना देऊन ठेवावी.

वेळापत्रक मुंबईचं असतं, ते पाळावं लागतं. जुलैत समिती बसते. गणपती ते नवरात्र कुणी हाती लागत नाही, तेव्हा काही ठरवू नये. अर्ज दिवाळीनंतर, भेटी नोव्हेंबरात सेमिस्टरच्या परीक्षा सांभाळून आणि निर्णय डिसेंबरात, कारण फेब्रुवारीत बारावीची परीक्षा लागते. बैठक शनिवारी दुपारी ठेवतो, म्हणजे हार्बर लाइनच्या लोकलने येणाऱ्या मुली उजेडात घरी पोचतात. प्रवासाचे पैसे बैठकीच्या आधी हातात मिळतात का, ते विचारून घ्या. "तिकीट जपून ठेव, नंतर देऊ" म्हणणाऱ्या संस्थेत तीन महिन्यांनी फक्त खात्यापित्या घरची पोरं उरतात.

पुढे यात करिअर आहे का? आहे, पण सरळ वाट नाही. समाजकार्याची पदवी घ्यायची तर देवनारला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस आहे, चर्चगेटला निर्मला निकेतन आहे. कंपनी कायद्यामुळे २०१४ पासून ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून मुंबईत अर्ज वाचणाऱ्या, संस्थांना भेटी देणाऱ्या लोकांच्या नोकऱ्या तयार झाल्या. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) नसलं तरी बी.कॉम. झालेल्यांनी घाबरू नये. बजेट वाचून 'किरकोळ खर्च ६,०००' या ओळीवर बोट ठेवणारी माणसं कमी आहेत. इंग्रजी रिपोर्ट लिहावे लागतात, ते वर्षभरात जमतं. मुलाखतीत कुठल्या अर्जाला पैसे दिले ते सगळेच सांगतात. तुम्ही कुठला नाकारला आणि का, तेही सांगा. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) असाल तर दोन वर्षांच्या २४० तासांत समितीचं काम धरतात का, हे कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला आधीच विचारा. नंतर विचारलं की नियम आठवतात.

आमच्याकडेच या असं नाही. दुसऱ्या कुठल्या संस्थेत अशी समिती असेल तर नाव देण्याआधी गेल्या वर्षीच्या बैठकांचं इतिवृत्त मागा. विश्वस्तांनी समितीचे किती निर्णय फिरवले आणि त्याचं कारण मुलांना लेखी दिलं का, ते बघा. निधीची रक्कम समितीला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगतात की शेवटी, तेही विचारा. इतिवृत्तच नसेल आणि त्याऐवजी चेक देतानाचे फोटो दाखवले, तर चहा घ्या आणि निघा.