सिलॅबस बदलेल तेव्हा बदलेल, इंटर्नल तर आपल्या हातात आहे ना

नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या सेमिस्टरपासून साधा रजेचा अर्ज धड न लिहिणारी पोरंसुद्धा झकास इंग्रजीत असाइनमेंट द्यायला लागली. सुरुवातीला चिडचिड झाली, पण मग लक्षात आलं की आधी तरी काय होतं, गाईडातून उतरवलेलंच तपासत होतो की, फक्त गाईड बदललं!

आता विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात शिकवणाऱ्याला सिलॅबस बदलता येत नाही, ते विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचं काम. पण इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजातल्या कॉलेजात दिले जाणारे मार्क आपण देतो, तर तिथूनच सुरू करायचं, आणि एकाच विषयापासून, सगळे एकदम नाही.

आधी स्वतःचे गेल्या वर्षीचे इंटर्नलचे प्रश्न एआयला घालून बघा. "स्पष्ट करा", "टीपा लिहा", "फायदे-तोटे सांगा" यांची उत्तरं दहा सेकंदात पडतात, म्हणजे हे प्रश्न घरी द्यायचे बंद, वर्गात बसवून लिहून घ्यायचे असतील तर घ्या.

त्याजागी असं काहीतरी द्या जे उठून बघूनच यावं लागेल. मागणी-पुरवठा शिकवताय ना, मग पोरांना चार दिवस तालुक्याच्या बाजार समितीत पाठवा, कांद्याची आवक किती, किमान-कमाल-सर्वसाधारण भाव काय ते रोज लिहायला लावा आणि विचारा की एकाच लिलावात किमान आणि कमालमध्ये एवढा फरक का. मग गोल्टी (बारीक कांदा) वेगळी का विकली जाते, माल ओला असला की काय होतं, व्यापारी बोली कुठे थांबवतो हे सगळं बाहेर येतं, आणि त्या दिवशी त्या यार्डात काय झालं हे एआयला माहीत नसतं. शेतकऱ्यांची पोरं तर इथे आपल्यालाच शिकवतात, मागच्या बाकावरचा अचानक हिरो होतो :)

एआय वापरू द्या, बंदी घालून कोण ऐकतंय. पण अट घाला, काय विचारलं आणि त्यानं काय चुकीचं सांगितलं हे शेवटच्या पानावर लिहायचं. आणि नंतर तीन मिनिटांची ओरल घ्याच. ८० पोरं म्हणजे चार तास होतात, अशक्य नाही, पाच-सहा लेक्चरात वाटून घ्या आणि बाकीच्यांना तोवर वाचन द्या. तीन मिनिटात खरं-खोटं कळतं राव.

लेक्चरसाठी एक सोपी युक्ती, हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली. मध्येच चार पर्यायांचा एक प्रश्न टाकायचा, सगळ्यांनी आधी एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग परत उत्तर. आपल्याकडे उत्तरं नोंदवायचं मशीन कुठलं, एक ते चार बोटं छातीशी धरायला सांगा, म्हणजे दुसऱ्याचं बघून कोणी बदलत नाही. सगळ्यांचं बरोबर आलं तर पुढे सरका, बऱ्याच जणांचं चुकलं तर तिथे वाद होऊ द्या, ती दहा मिनिटं वाया जात नाहीत.

स्वयंचे, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स पण वापरा, यूजीसीच्या २०२१ च्या नियमानं एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात. फक्त पोरांनी नाव नोंदवायच्या आधी कॉलेजकडून त्याचं क्रेडिट डिग्रीत धरणार का हे लेखी घ्या. आमच्याकडे एक मुलगी परीक्षा पास होऊन आली आणि मग तीन महिने ऑफिसच्या खिडकीत उभी होती.

ओजेटीवर (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे पोरांनी बाहेर प्रत्यक्ष काम करून शिकायचं) मात्र लक्ष ठेवा, नाहीतर मामाच्या दुकानाचं सर्टिफिकेट येतं. सीएचं ऑफिस, पतसंस्था, ग्रामपंचायत, कुठेही चालेल, पण आपण एकदा न सांगता जाऊन यायचं.

आणि हो, मार्केट यार्डात गेलात की जिओटॅगवाले (जागेची नोंद असलेले) फोटो काढून ठेवा, नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, फायलीला लागतात.