तलाव, बोडी (लहान तलाव), शेततळं : या चुका टाळा

पोळ्याला बैल धुवायला गेलेलं पोरगं परत आलं नाही, ही बातमी आमच्या भंडारा-गोंदियाकडे नवी नाही. बरेचदा ते त्याच तलावात लहानपणापासून डुंबलेलं असतं. तलाव ओळखीचा आहे असं धरून चालणं, हीच पहिली चूक. उन्हाळ्यात पोकलॅननं गाळ उपसला, मुरूम उचलला की तळाला पुरुषभर खड्डे पडतात आणि पावसानंतर वरून पाणी सपाटच दिसतं. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात जातं. खोदकाम झालं तिथं पावसाआधीच बांबू रोवून लाल फडकं बांधा. घाट कुठं धरायचा हे रोज जाळं टाकणाऱ्या ढिवर बांधवांना विचारा. बैल पाण्यात घालताना कासरा मनगटाला गुंडाळू नका. बैल पोहत निघाला तर माणसाला ओढत नेतो.

उन्हाळ्यातली चूक वेगळी. तलाव आटतो, चिखलाला भेगा पडतात आणि वाळला असं वाटतं. वरची पापडी कडक, खाली मात्र मांडीभर ओला गाळ! पाय रुतला तर उपसायला जोर करू नका. एक पाय ओढताना दुसरा आणखी खाली जातो. मागे रेला, अंग पसरा, पाय हळूहळू हलवत मोकळा करा. काढायला जाणाऱ्यानं उभं न जाता खाट किंवा फळी टाकून आडवं सरकावं.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. उतार तिरपा, त्यावर शेवाळ. पोहता येणाऱ्यालाही काठ धरता येत नाही आणि तो दमून बुडतो. चारही बाजूंना गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडा, टायरची ट्यूब बांधून ठेवा, कुंपण घाला. शेततळ्यावर हजारो रुपये घालतो, मग दोराला का कचरतो?

कोणी बुडताना दिसलं की सख्खा माणूस थेट उडी मारतो, आणि एकाच्या जागी दोघं-तिघं जातात. बुडणारा हाती लागेल त्याला मिठी मारतो, त्यात त्याचा दोष नाही. काठावर आडवं पडून बांबू, दोर, लुगडं पुढे करा. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकला तरी तो तरंगायला आधार देतो. आरडाओरडा करून माणसं जमवा, 112 किंवा 108 ला फोन लावा.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं हे अजूनही गावात होतं. कृपा करून थांबवा. पोटातलं पाणी काढण्यात वेळ जातो आणि मेंदूला प्राणवायू न मिळाल्यानं काही मिनिटांतच इजा होते. श्वास नसेल तर उताणं झोपवा, मान मागे करा, नाक दाबून तोंडानं श्वास द्या. मग छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 च्या गतीनं दाब द्या : 30 दाब, 2 श्वास. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दबली पाहिजे. मदत येईपर्यंत थांबू नका.

आणि शुद्धीवर येऊन तो "मी बरा आहो" म्हणाला, तरी घरी नेऊ नका. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. ग्रामीण रुग्णालयात दाखवाच.