टसर पतंगाचा कोष उन्हाळ्यात कसा जपावा

ज्याच्या कोषापासून टसर रेशीम मिळते तो टसरचा पतंग सॅटर्निडी कुळातला. या कुळातल्या बहुतेक जाती उष्ण कटिबंधातल्या. वीतभर पंखांचा, प्रत्येक पंखावर काचेसारखा पारदर्शक ठिपका असलेला हा पतंग मराठवाड्यात बांधावरच्या बोरीवरही वाढतो.

माघ-फाल्गुनात, कुंपणासाठी तोडलेल्या बोराटीत कोष शोधावा. तो अंड्याच्या आकाराचा आणि टणक असून देठाने फांदीला घट्ट बांधलेला असतो. देठ तोडू नये, फांदीसकट कापून आणावा. अभयारण्यातून काहीही उचलू नये. हातात जड लागणारा कोष घ्यावा. हलका असून आत कोरडे खुळखुळते, तो मेलेला समजावा.

खरी परीक्षा चैत्रापासून मृगापर्यंत असते. माझे पहिले कोष मी पत्र्याच्या खोलीतल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवले होते आणि बेचाळीस अंशांच्या झळांत आतले जीव वाळून गेले. नंतर कुणीतरी सांगितले म्हणून रोज पाणी शिंपडले, तर कोषांना बुरशी आली. म्हणून ठामपणे सांगतो, की पाणी कोषाला नव्हे, भोवतालच्या हवेला द्यायचे असते. घरातल्या माठाशेजारची सावलीची जागा याला सर्वांत चांगली. तिथे भिंतीला खडबडीत गोणपाट लावून त्यावर फांद्या बांधाव्यात आणि झळा असतील तेव्हा गोणपाटाची फक्त खालची कड ओली करावी. मुंग्या आणि पाली यांच्यापासून मच्छरदाणीने आडोसा करावा.

पावसाच्या दमट हवेत एखाद्या संध्याकाळी कोषाचे टोक ओले दिसू लागते. एरी या दुसऱ्या रेशीम-पतंगाच्या कोषाला एका टोकाला मोकळे तोंड असते, टसरचा मात्र पूर्ण बंद असतो, म्हणून पतंग स्वतःच्या द्रवाने तो मऊ करून बाहेर येतो. या वेळी कात्रीने कोष कापून ‘मदत’ करण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला; तो कधीही मानू नये, कारण पातळ कातडीच्या त्या जिवाला आत टोक लागले तर तो वाचत नाही. बाहेर आल्यावर त्याचे पंख ओल्या चिंधीसारखे चुरगळलेले असतात, आणि उंच चढून खाली लोंबकळल्याशिवाय त्यांत रक्त उतरून ते उलगडत नाहीत. काचेच्या बरणीत पाय घसरून तो पडला, तर पंख तसेच सुकतात आणि मग काहीही करता येत नाही. गोणपाट हवे ते यासाठीच. अर्ध्या-पाऊण तासात पंख पसरतात, तोवर दिवा मंद ठेवावा आणि हात लावू नये.

खाऊ घालायचा प्रश्नच नाही. प्रौढ पतंग काहीच खात नाही आणि सुमारे आठवडाभरच जगतो. मिशा रुंद पिसांसारख्या असतील तर तो नर, तो त्याच रात्री सोडावा. मादीलाही एका रात्रीपेक्षा जास्त अडकवू नये. ज्या बांधावरून कोष आणला, तिथल्याच बोरीवर तिला दुसऱ्या दिवशी अंधार पडताना ठेवून यावे.